प्रकाश गोवंडे यांचा तिसरा निरोप समारंभ

डब्लिनच्या ओंगार उपनगरातल्या मराठी मंडळात एका माणसाचा निरोप समारंभ एकदाच होतो. शाल देतात, नारळ देतात, माणूस विमानात बसतो, विषय संपतो. प्रकाश गोवंडेचे तीन झाले. आता तुम्ही म्हणाल, गृहस्थ तीनदा गेला आणि दोनदा परत आला असेल. छे हो! तो एकदाही गेला नाही.

यात प्रकाशचा दोष किती आणि युरोपातल्या एका देशाचा किती, हे तुमचं तुम्ही ठरवा. देशाचं नाव मी सांगत नाही, त्यांची आधीच पुरेशी शोभा झाली आहे. या देशाने फार वर्षांपूर्वी छाती पुढे काढून ठरवलं की अणुवीज आपल्याला नको, भट्ट्या बंद करायच्या. आता अणुभट्टी म्हणजे काही घरातला गीझर नव्हे, की जाता जाता बटण दाबलं आणि झालं. कुठला पंप कधी सोडवायचा, कुठली झडप कधी बंद करायची, कुठल्या माणसाला कधी घरी पाठवायचं, याचं वर्षानुवर्षांचं वेळापत्रक लागतं. ते वेळापत्रक बनवायचं काम मिळालं डब्लिनमधल्या सँडीफोर्डच्या एका कंपनीला. आयर्लंडमध्ये स्वतःची एकही अणुभट्टी नाही. अणुवीज बनवायला इथे कायद्यानेच बंदी आहे. शेजाऱ्याची वीज समुद्राखालच्या केबलमधून घरात आली की मात्र तिला कुणी तिचं गाव विचारत नाही. तर अशा, जन्मात भट्टी न पाहिलेल्या मंडळींनी दुसऱ्याच्या भट्ट्या बंद करायचं कंत्राट घेतलं, आणि त्यासाठी पुण्याहून प्रकाशला आणलं. तीन वर्षांसाठी.

घरातून निघताना वडिलांनी त्याला दारात थांबवलं. वडील म्हणजे विलास गोवंडे, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. तारापूरच्या अणुवीज केंद्रात त्यांनी एकतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली. तिथला एक नियम असतो. कुणी काही करायला सांगितलं, की ऐकणाऱ्याने ते आधी मोठ्याने जसंच्या तसं म्हणून दाखवायचं, मगच हात लावायचा. नोकरी संपली तरी हा नियम आप्पांनी घरात चालूच ठेवला. "येताना पाव किलो रवा, बारीक. पुन्हा म्हण." आणि प्रकाश पंधरा वर्षांचा असल्यापासून दारात उभा राहून म्हणायचा, "येताना पाव किलो रवा, बारीक."

त्या दिवशी आप्पा म्हणाले, "भट्टी बंद झाली की घरी कायमचा येणार. पुन्हा म्हण."

"भट्टी बंद झाली की घरी कायमचा येणार," प्रकाश म्हणाला, आणि रिक्षात बसला.

शब्दाला जागणारा मुलगा! जायचंच आहे म्हणून प्रकाश आणि त्याची बायको पद्मजा ओंगारच्या भाड्याच्या घरात राहिली ती स्टेशनवर बसल्यासारखी. भिंतीला एकही खिळा मारला नाही, कारण जायचंय. लग्नाचा फोटो तेरा वर्षं जमिनीवर भिंतीला टेकून उभा होता, येणारे-जाणारे त्याच्यासमोर बूट काढायचे. सोफ्यावरचं प्लास्टिक काढलं नाही, कारण विकताना बरं पडेल. तिथेच मुक्ता जन्मली. तिला मराठी बोलायला शिकवायचं राहिलं, कारण पुण्याला गेल्यावर येईलच की आपोआप! मुक्ताला सगळं समजायचं, पण उत्तर यायचं अस्सल डब्लिनच्या हेलातल्या इंग्रजीत. एकदा पद्मजाने सांगितलं, "मुक्ता, डबे वरच्या प्रेसमध्ये ठेव," तर आप्पा व्हिडिओ कॉलवर चमकले. "प्रेसमध्ये? छापायला दिलेत का?" इथे कपाटाला प्रेस म्हणतात, हे त्यांना समजावताना पद्मजाच्या नाकी नऊ आले.

सगळ्यात मोठा शहाणपणा अजून सांगायचाच आहे. कायमचंच जायचं तर मधे मधे कशाला जायचं? दरवर्षी सुट्टी साठवायची, म्हणजे जाताना सगळं नीट आवरता येईल. असं करत करत प्रकाश पुण्याला शेवटचा गेला तो सहा वर्षांपूर्वी, आई वारली तेव्हा. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी विमानात. "आता काय, थोड्याच दिवसांत कायमचाच येतोय आप्पा," असं दारात म्हणून गेला. हे असलं तर्कशास्त्र फक्त आपल्यालाच सुचतं. ज्या माणसाला कायमचं भेटायचं ठरवलंय, त्याला सहा वर्षं भेटायचंच नाही.

पहिला निरोप समारंभ झाला तो तीन वर्षं भरली तेव्हा. मंडळाचे अध्यक्ष सतीश यांना भाषणाची दांडगी हौस. त्यांनी "प्रकाश जातोय, पण प्रकाश राहणार आहे" असलं काहीतरी म्हटलं, टाळ्या झाल्या, ब्लँचर्ड्सटाउनच्या दुकानातून आणलेला नारळ आणि शाल दिली. तिकडे पुण्यात आप्पांनी प्रकाशची खोली रंगवून घेतली, फिकट निळ्या रंगात. दहा दिवसांनी त्या देशाच्या संसदेला आठवलं की भट्ट्या बंद केल्या तर दिवे कशावर लावायचे याचा विचार राहून गेला. मुदत आणखी सात वर्षं वाढवली. प्रकाशचं कंत्राटही वाढलं. पुढच्या दिवाळी कार्यक्रमात तो मागच्या रांगेत मान खाली घालून चिवडा खात बसला होता.

सात वर्षांनी दुसरा समारंभ. या वेळी सेक्रेटरी सुनेत्राने स्वतः रचलेली कविता वाचली, तिच्या दुसऱ्या कडव्याला दोन बायका रडल्यादेखील. आप्पांनी बाथरूममध्ये नवीन टाइल्स बसवल्या, नातीसाठी टेबल आणि खुर्ची करून घेतली. आणि त्याच सुमाराला युरोपात युद्ध पेटलं, गॅसचा भाव आभाळाला भिडला, आणि त्या देशाने हळूच कान धरून सांगितलं, "आणखी तीन वर्षं राहू दे." शाल घरी पहिल्या शालीवर जाऊन पडली. नारळाची पद्मजाने चटणी केली.

"तू माझ्याशी कशाला लग्न केलंस?" ती चटणी वाटताना म्हणाली. ती इथल्या सरकारी इस्पितळात डॉक्टर आहे, दिवसभर लोकांना स्पष्ट सांगायची सवय. "त्या भट्टीशीच करायचं होतंस. तिची तारीख तरी तुला पाठ असते."

प्रकाशने चटणीसाठी वाटी पुढे केली. करणार काय? एक मात्र खरं, त्याचा त्या तारखेवर मनापासून विश्वास होता. सकाळी क्लोनसिलाहून गाडी, ब्रूमब्रिजला उतरून लुआस ट्राम, तिथून थेट सँडीफोर्ड, आणि टेबलावर बसलं की पहिलं काम म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यातला उरलेल्या दिवसांचा आकडा बघणं. हजार, आठशे, चारशे. या वर्षी आकडा दोन अंकांवर आला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. तीस नोव्हेंबरला शेवटची भट्टी बंद. प्रकाशने डिसेंबरची तिकिटं काढली, फक्त जाण्याची. घरमालकाला नोटीस दिली. आप्पांना फोन केला.

"आप्पा, या वेळी नक्की."

"बरं," पलीकडून आप्पा म्हणाले. पुन्हा म्हण म्हणाले नाहीत. प्रकाशच्या मनात पाल चुकचुकली, पण त्याला वाटलं, रेंज गेली असेल.

मंडळाने तिसरा समारंभ ठरवला. सतीशनी फोनवर आधीच विचारून घेतलं, "अरे प्रकाश, राग मानू नकोस, पण या वेळी जातोयस ना? म्हणजे शालीचं काही नाही, पण भाषणात मी आता नवीन काय बोलू?" शनिवारी दुपारी तीन वाजता, कम्युनिटी सेंटरचा हॉल, मसालेभात, मठ्ठा, जिलबी. पद्मजाने सुनेत्राच्या मदतीने गुपचूप एक बेत केला. आप्पांना मोठ्या पडद्यावर आणायचं, पुण्याहून. तिकडे साडेआठ वाजलेले असतील, त्यांचं जेवण उरकलेलं असेल. प्रकाशला तिने ताकास तूर लागू दिली नाही.

समारंभ शनिवारी, आणि गुरुवारी दुपारी त्या देशाच्या संसदेने मतदान केलं. मुदतवाढ नाही, या वेळी थेट कायदाच रद्द! भट्ट्या बंद करायच्याच नाहीत, झालीच तर नवीन बांधू. ज्या पक्षाने बंदीचा कायदा आणला होता, त्याच पक्षाचे पुढारी उठून म्हणाले की आम्ही हेच तर आधीपासून म्हणत होतो. सँडीफोर्डच्या ऑफिसात सगळ्यांनी ते मोठ्या पडद्यावर पाहिलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रकाशचा आकडा सोळावर होता.

त्याचा साहेब डेक्लन, कॉर्कचा, भला माणूस. त्याला जगातली कुठलीही गोष्ट सांगा, तो 'ग्रँड' म्हणतो. भट्टी बंद होणार म्हटलं तेव्हा ग्रँड, चालू राहणार म्हटलं तेव्हाही ग्रँड. तो कॉफीचा कप घेऊन प्रकाशपाशी आला आणि म्हणाला, काही बिघडलं नाही, वेळापत्रक तेच, फक्त खालून वर वाचायचं. बंद करण्याऐवजी चालू ठेवण्याचं. दहा वर्षांचं काम आहे, तुझ्याइतकी माहिती कुणाला आहे?

शुक्रवारी भट्टीच्या मॅनेजरबरोबर पहिली मीटिंग झाली. साठीचा माणूस, कपाळावर आठ्यांचं जाळं. तो वैतागून म्हणाला, "संसदेने हात वर केले, छान. माझ्याकडे इंधन नाही, कारण बंद होणार म्हणून कुणी मागवलं नाही. सुटे भाग नाहीत, कारण बंद होणार म्हणून बनवणाऱ्याने कारखानाच बंद केला. निम्मे ऑपरेटर निवृत्त झाले, नवे शिकवले नाहीत, कारण कशाला शिकवायचं? सहा वर्षांत आम्ही एका खोलीला रंगसुद्धा लावलेला नाही. आता म्हणतात, चालवा!"

डेक्लन ग्रँड म्हणाला नाही, तेरा वर्षांत पहिल्यांदाच. प्रकाश ते सगळं टिपून घेत होता. 'नवे शिकवले नाहीत, कशाला शिकवायचं' हे लिहिताना त्याची बोटं थांबली. घरी आला तर दारातच लग्नाचा फोटो जमिनीवर उभा, त्याच्यासमोर मुक्ताचे बूट, आणि आतून ती मैत्रिणीशी इंग्रजीत बोलतेय. तो प्लास्टिकवर बसला. प्लास्टिक करकरलं.

"आप्पांना सांगितलंस?" पद्मजाने विचारलं.

"नाही. काय तोंडाने सांगू?"

सांगायची हिंमत झाली नाही. रात्र गेली, शनिवारची सकाळही गेली. पद्मजाने तीन वेळा फोन त्याच्या हातात दिला, त्याने तीन वेळा टेबलावर ठेवला.

समारंभ रद्द करायला वेळ नव्हता. जिलब्या तळून झाल्या होत्या, आणि हॉल एकदा घेतला की ते लोक सोडत नाहीत. कमिटीने घाईघाईने पुनर्विचार केला आणि बॅनरवरच्या 'निरोप' या शब्दावर पांढरा कागद चिकटवून 'सत्कार' लिहिलं. कशाबद्दल सत्कार, हे कुणी विचारलं नाही, जिलब्या गरम होत्या. सतीश बोलायला उभे राहिले. "आपले प्रकाश," ते म्हणाले, "एखाद्या गोष्टीचा... म्हणजे... सातत्य..." आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. शाल पुढे आली. ती कितवी, हे बोटांवर मोजून पहिल्या रांगेतल्या बाईंनी शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि दोघी खुदकन हसल्या.

आणि तेवढ्यात सुनेत्राने, बेत ठरल्याप्रमाणे, पडदा सुरू केला. या गडबडीत आप्पांचा कॉल रद्द करायचा, हे ती आणि पद्मजा दोघी विसरल्या होत्या.

पडद्यावर आप्पा. एकोणऐंशी वर्षांचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. मागे फिकट निळी भिंत. हॉलमध्ये दीडशे माणसं, आणि दीडशेच्या दीडशे जणांना ठाऊक होतं की प्रकाश जात नाहीये. नव्हतं ठाऊक ते एकट्या म्हाताऱ्याला. लोक जिलबी हातातच धरून बसले.

"नमस्कार मंडळी," आप्पा म्हणाले. "मला दोन शब्द बोलायला सांगितलंय."

"आप्पा," प्रकाश उठला. शाल खांद्यावरून घसरली. "आप्पा, मला आधी तुम्हाला सांगायचंय..."

"बस खाली. गुरुवारी मतदान झालं, एकूण मतं, विरोधातली मतं, मला पाठ आहेत. मी तेरा वर्षं त्या देशाचं वर्तमानपत्र कॉम्प्युटरवर मराठीत करून वाचतोय. त्यांच्या पंतप्रधानालासुद्धा एवढी काळजी नसेल."

हॉल हसला. आप्पा हसले नाहीत.

"पहिल्या वेळी मी खोलीला रंग दिला. ही मागची भिंत, बघा. दुसऱ्या वेळी टेबल केलं. तिसऱ्या वेळी हा म्हणाला, या वेळी नक्की. मी रंगाऱ्याला बोलावलं नाही. मी या खोलीत कॅरम मांडलाय. सोसायटीतले आम्ही चौघं रोज खेळतो." त्यांनी फोन फिरवला. पडद्यावर कॅरम आला, मधोमध सोंगट्या रचलेल्या, आणि कडेला मुक्तासाठी केलेलं टेबल, त्यावर चहाचे चार कप. "माझं काही अडलेलं नाही. हे मी रागावून सांगत नाहीये. थोडं रागावूनच सांगतोय."

प्रकाश रडत होता. आयर्लंडमध्ये पुरुष माणूस चारचौघांत रडला तर लोक हवेबद्दल बोलायला लागतात, पण हा मराठी हॉल होता, सगळे सरळ त्याच्याकडेच बघत होते.

"आप्पा, मी नोकरी सोडतो. मी येतो. कायमचा."

"गप रे!" आप्पा एवढ्या जोरात ओरडले की स्पीकर किंचाळला. "कायमचा, कायमचा! या कायमच्या पायी सहा वर्षांत तुझा चेहरा फक्त या काचेवर बघितला मी. तुझी आई गेली त्यानंतर एकदाही माझ्या पानाला पान लावून जेवला नाहीस. मी एकतीस वर्षं भट्टी चालवली. ती दर दीड-दोन वर्षांनी थोडे दिवस बंद ठेवायची, आत जाऊन बघायचं, पुसायचं, बदलायचं, पुन्हा चालवायची. म्हणून चालते ती. कायमचं काय करायचं ते ठरवणारे वेगळे असतात, आम्ही नाही ठरवत." ते थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "मला कायमचा नको तू. पंधरा दिवस ये. आणि येताना परतीचं तिकीट काढून ये, म्हणजे नक्की येशील. पुन्हा म्हण."

प्रकाशने घसरलेली शाल उचलून तोंडावर धरली. मग तिसऱ्या रांगेतून आवाज आला, डब्लिनच्या हेलात, प्रत्येक शब्द चाचपून पाय ठेवावा तसा.

"पंधरा दिवस येणार. परतीचं तिकीट काढून."

मुक्ता उभी होती. तिच्या तोंडून इतकं सलग मराठी आजवर कुणी ऐकलं नव्हतं, तिच्या आईनेसुद्धा. आप्पांनी फोन तोंडाजवळ नेला. पडद्यावर नुसतं नाक आणि चष्मा दिसू लागला.

"बरोबर," ते म्हणाले. "हिला समजलं. आता त्याला म्हणायला सांग."

आणि बारा वर्षांच्या मुलीने बापाकडे वळून सांगितलं, "बाबा, पुन्हा म्हण."

त्याने म्हटलं.

पुढचं थोडक्यात. डेक्लनने देऊ केलेलं काम प्रकाशने घेतलं. हुतात्मा होण्याची हौस एका दिवसात उतरते, आणि पद्मजाने त्याला तसं स्पष्टच सांगितलं. रविवारी सकाळी तिने शेजारच्या आयरिश म्हाताऱ्याकडून हातोडी आणली, घरमालकाला फोन करून नोटीस मागे घेतली, त्याच फोनवर परवानगी मागितली आणि दिवाणखान्यात खिळा मारला. फोटो थोडा तिरका लागला, तसाच राहू दिला. सोफ्याचं प्लास्टिक मुक्ताने कात्रीने फाडलं आणि त्यावर आडवी पडून म्हणाली, ग्रँड. जाण्याची तिकिटं बदलून येण्याजाण्याची केली.

डिसेंबरच्या वीस तारखेला तिघं पुण्यात सहकारनगरच्या दुसऱ्या मजल्यावर उभी होती. प्रकाशच्या हातात बॅग, बॅगेत तीन शाली. बेल वाजवली. आतून कॅरमच्या सोंगट्यांचा आवाज थांबला, चपला घासत आल्या, दार उघडलं. अर्धंच. आप्पांनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, नातीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. हात मात्र दारावरून काढला नाही.

"तिकीट दाखव," ते म्हणाले.

प्रकाशने फोन पुढे धरला. आप्पांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि ओळ न ओळ वाचली, बोट लावून, कंट्रोल रूममध्ये वाचायचे तशी. जाण्याची तारीख, विमानाचा नंबर, तिघांची नावं. परतीच्या तारखेवर बोट ठेवून त्यांनी ती दोनदा मोठ्याने म्हटली.

"चार जानेवारी. चार जानेवारी."

मग त्यांनी दार पूर्ण उघडलं.